रिपोर्ट चांगला आल्यानंतर

फ्रान्स्वा मितराँ मे १९८१ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांना प्रोस्टेटचा कर्करोग असल्याचं निघालं. तोवर तो हाडांपर्यंत पोहोचलाही होता. राष्ट्राध्यक्षाच्या प्रकृतीचं पत्रक दर सहा महिन्यांनी जाहीर करू, असं मितराँनी लोकांना सांगितलं होतं. पत्रकं अगदी वेळेवर निघत राहिली. त्यांवर त्यांचे खासगी डॉक्टर क्लोद गुब्लेर सही करत राहिले, आणि वर्षानुवर्षं त्यांत कर्करोगाचा उल्लेख नव्हता. देशाला पत्ता लागला तो सप्टेंबर १९९२ मध्ये, शस्त्रक्रिया लपवणं अशक्य झालं तेव्हा. दोन पूर्ण मुदती संपवून मितराँ पायउतार झाले आणि जानेवारी १९९६ मध्ये वारले. त्यानंतर काही दिवसांतच गुब्लेर यांनी सगळी हकिगत पुस्तकात छापली, तर तिथल्या न्यायालयानं त्या पुस्तकाची विक्रीच थांबवली.

या हकिगतीत एक गोष्ट दिलासा देणारी आहे. आज मिळणारी कितीतरी औषधं तेव्हा नव्हती, तरी हाडांत गेलेला कर्करोग घेऊन हा माणूस चौदा वर्षं जगला, आणि नुसता जगला नाही, देश चालवत राहिला. दुसरी गोष्ट मात्र आपल्या फार ओळखीची आहे. त्यानं आजार लपवला. मितराँना लपवायला राजकीय कारण तरी होतं. कराडच्या किंवा अकोल्याच्या निवृत्त गृहस्थाला गमवायला कुठलंही पद नसतं, तरी तो व्याह्यांना ‘हर्नियाचं ऑपरेशन झालं’ असं सांगतो. लघवीशी आणि शरीरसंबंधाशी निगडित आजार पुरुष लपवतातच, पण उपचार झाल्यावर जे त्रास मागे उरतात ते डॉक्टरांपासूनही लपवतात. या त्रासांपैकी बहुतेकांवर काही ना काही करता येतं. ज्याचं नावच घेतलं गेलं नाही, त्यावर कोण काय करणार?

प्रोस्टेट अक्रोडाएवढी. मूत्राशयाच्या खाली ती मूत्रमार्गाला वेढून बसलेली असते. तिच्या मागच्या बाजूला गुदाशय अगदी टेकलेलं, दोन्ही कडांना लिंगात ताठरता आणणाऱ्या मज्जातंतूंच्या जुड्या, आणि खाली लघवी अडवून धरणारा स्नायू. इतक्या दाटीत शस्त्रक्रिया करायची किंवा किरण सोडायचे म्हणजे शेजाऱ्यांना थोडीफार झळ पोहोचणारच. शिवाय हा कर्करोग वाढतो टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर. त्यामुळे हार्मोन बंद करणारे उपचार केले की परिणाम एका ग्रंथीपुरता राहत नाही, डोक्यापासून पायापर्यंत सगळीकडे जाणवतो. उपचारानंतरच्या तक्रारी या तीन वाटांनी येतात, आणि आपल्यावर कोणता उपचार झाला हे ठाऊक असेल तर कोणती तक्रार कधी दार ठोठावणार याचा बराच अंदाज आधीच बांधता येतो.

शस्त्रक्रियेपासून सुरुवात करू. ग्रंथी काढल्यावर आठवडा-दोन आठवडे लघवीची नळी ठेवतात. नळी निघाली की सुटलो, असं वाटत असतं आणि त्याच दिवशी लेंगा ओला होतो. शरीरात लघवी अडवणाऱ्या यंत्रणा दोन असतात. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली, आपोआप चालणारी यंत्रणा ग्रंथीबरोबर बरीचशी निघून जाते. बाहेरचा, आपल्या इच्छेनं आवळता येणारा स्नायू एकटा मागे राहतो आणि त्याला एकदम दोघांचं काम पडतं. मग खोकला आला, शिंक आली, खुर्चीतून उठलं, पाण्याची बादली उचलली की गळतं. रात्री झोपेत मात्र अनेकजण कोरडे असतात आणि संध्याकाळी, तो स्नायू दमल्यावर, गळणं वाढतं. हे ठाऊक नसलं की माणूस घाबरतो, ‘ऑपरेशन फसलं’ असं समजतो. पुढच्या काही महिन्यांत बहुतेकांचं गळणं बरंच कमी होतं. सुधारणा वर्षभर चालू राहते.

या काळात हमखास केल्या जाणाऱ्या चुका आहेत. पहिली, पाणी तोडायचं. पाणी कमी प्यायलं की लघवी तीव्र होते, मूत्राशय चिडतं, आणि उलट घाई वाढते. कमी करायचाच तर चहा-कॉफीचा मारा कमी करावा. दुसरी, ‘असावं आपलं’ म्हणून दर अर्ध्या तासाला जाऊन यायचं. मूत्राशयाला मग थोडं साठवायचीही सवय राहत नाही. तिसरी चूक सगळ्यांत महाग: घराबाहेर पडणं बंद करायचं. लग्नाला जायचं नाही, एसटीत बसायचं नाही, ज्येष्ठ नागरिक संघाच्या सहलीला नाव द्यायचं नाही. बायकांचे पॅड मेडिकलवाला वर्षानुवर्षं कागदात गुंडाळून देत आला आहे. पुरुषांचेही पॅड असतात, पुढच्या बाजूला जाड, अंतर्वस्त्रात नीट बसणारे, आणि तेही त्याच मेडिकलमध्ये मिळतात किंवा मागवून देता येतात. थोडंसं गळत असेल तर जाडजूड डायपरची गरज नसते. एक पॅड अंगावर आणि दोन पिशवीत असले की पुणे-कोल्हापूर प्रवास सहज होतो.

यावरचा मुख्य उपाय फुकट आहे. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे व्यायाम लिहून प्रसिद्ध केले, ते बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी. आज तेच व्यायाम प्रोस्टेट काढलेल्या पुरुषांना शिकवले जातात. चारचौघांत वारा अडवताना जो स्नायू आवळतो, तो हा. तो आवळून पाच-दहा सेकंद धरायचा, तेवढाच वेळ सैल सोडायचा, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट आणि ढुंगण घट्ट करायचं नाही. योगवर्गात मूलबंध किंवा अश्विनी मुद्रा शिकलेल्यांना हा स्नायू चटकन सापडतो. दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. एक, हे शस्त्रक्रियेच्या आधीच शिकून घ्यायचं, कारण नंतर दुखऱ्या, सुजलेल्या जागी नेमका स्नायू शोधणं अवघड जातं. दुसरी, उठण्याच्या, शिंकण्याच्या, वजन उचलण्याच्या नेमक्या आधी तो आवळायची सवय लावायची. व्यायाम पलंगावर उत्तम जमतो आणि बादली उचलताना आठवतच नाही, म्हणून पुष्कळांना फायदा झालेला दिसत नाही. ओटीपोटाच्या स्नायूंचं काम जाणणारा फिजिओथेरपिस्ट गाठता आला तर दोन-तीन भेटींतच फरक पडतो.

डॉक्टर विचारतात, ‘कसं काय?’ आणि आपण म्हणतो, ‘ठीक आहे.’ या उत्तरानं कोणाचंच भलं होत नाही. चोवीस तासांत किती पॅड लागले ते मोजावं. ओला पॅड स्वयंपाकघरातल्या नव्हे, वेगळ्या छोट्या वजनकाट्यावर ठेवून कोऱ्या पॅडचं वजन वजा केलं की किती मिलिलिटर गळलं तेही कळतं, कारण एक ग्रॅम म्हणजे जवळपास एक मिलिलिटर. हा आकडा समोर असला की डॉक्टरांशी बोलणं नेमकं होतं. वर्षभरानंतरही दिवसाला अनेक पॅड लागत असतील तर ‘आता हेच नशिबी’ म्हणण्याचं कारण नाही. गळणं बेताचं असेल तर मूत्रमार्गाला आधार देणारी जाळीची पट्टी बसवतात, जास्त असेल तर कृत्रिम स्फिंक्टर. ह्यूस्टनच्या ब्रँटली स्कॉट यांनी १९७२ मध्ये तो पहिल्यांदा माणसात बसवला. मूत्रमार्गाभोवती पाण्यानं भरलेलं एक कडं असतं, अंडकोशाच्या पिशवीत एक छोटा पंप. पंप दाबला की कडं सैल होतं, लघवी होते, आणि दोन-तीन मिनिटांत कडं आपोआप आवळतं. खर्च काही लाखांत जातो, म्हणून आपल्याकडे तो थोड्यांनाच मिळतो. ज्यांना बसवला आहे त्यांनी मात्र एक चिठ्ठी कायम पाकिटात ठेवावी: पुढे कोणत्याही कारणानं लघवीची नळी घालायची वेळ आली, तर आधी हे यंत्र बंद करावं लागतं. अपघात विभागातल्या डॉक्टरला हे कळायला दुसरा मार्ग नसतो.

आता ज्या विषयावर तपासणीच्या खोलीत शांतता पसरते तो विषय. आपल्याकडे रुग्ण एकटा येत नाही. शेजारी मुलगा बसलेला असतो, कधी सून फाइल सांभाळत असते. त्यांच्यादेखत सत्तरीचे आजोबा डॉक्टरांना ताठरतेबद्दल काय विचारणार? आणि डॉक्टर तरी काय काढणार? विषय निघत नाही तो नाहीच. माझं मत विचाराल तर प्रत्येक भेटीत रुग्णाला पाच मिनिटं एकट्यानं, आणि पुढची पाच मिनिटं पत्नीसह मिळायला हवीत. डॉक्टरांनी दिली नाहीत तर मागून घ्यावीत. ‘आता या वयात कशाला’ हे वाक्य बहुतेक वेळा ज्याचं वय झालंय त्याचं नसतं, इतरांनीच त्याच्या वतीनं उच्चारलेलं असतं.

१९८० पर्यंत प्रोस्टेट काढण्याची शस्त्रक्रिया झाली की ताठरता जवळजवळ नेहमीच कायमची जायची. ताठरता आणणारे मज्जातंतू नेमके कुठून जातात हेच सर्जनना माहीत नव्हतं. प्रौढांच्या मृतदेहात ते सापडत नसत. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले पॅट्रिक वॉल्श १९८१ मध्ये हॉलंडच्या लायडनला गेले असता तिथले निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर यांनी त्यांना मृत जन्मलेल्या बाळाच्या शरीरात ते तंतू उकलून दाखवले. लहान शरीरात चरबी नसल्यामुळे ते स्वच्छ दिसत होते. ते ग्रंथीच्या बाहेरून, कडेनं जात होते, म्हणजे वाचवता येण्यासारखे होते. २६ एप्रिल १९८२ रोजी वॉल्श यांनी ते जाणीवपूर्वक वाचवून पहिली शस्त्रक्रिया केली. आज रोबो वापरून होणाऱ्या शस्त्रक्रियेचा पायाही तोच आहे.

तरीही तंतू वाचवले म्हणजे काम झालं असं नाही. त्यांना ओढाताण झालेली असते आणि ते सावकाश शुद्धीवर येतात, दीड-दोन वर्षं लागू शकतात. वय, मधुमेह, शस्त्रक्रियेपूर्वीची स्थिती, आणि एका बाजूचे तंतू वाचले की दोन्ही, यांवर पुष्कळ अवलंबून असतं. पहिल्या तीन महिन्यांत काही झालं नाही म्हणून आशा सोडणारे घाई करतात. १९९८ पासून बाजारात असलेली सिल्डेनाफिल आणि तिच्या जातीतली औषधं अनेकांना उपयोगी पडतात, पण छातीत दुखल्यावर जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवणाऱ्यांनी किंवा नायट्रेटचं कुठलंही औषध घेणाऱ्यांनी ती कधीही घेऊ नयेत, रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. मित्रानं दिलेली गोळी म्हणूनच धोक्याची. गोळीनं भागलं नाही तर हवेचा दाब कमी करून रक्त ओढणारा पंप आहे, लिंगात देण्याचं इंजेक्शन आहे, आणि शेवटी आत बसवायचं कृत्रिम साधन आहे. इंजेक्शनच्या शोधाची एक चावट पण खरी हकिगत आहे. १९८३ मध्ये लास व्हेगासला मूत्ररोगतज्ज्ञांच्या संमेलनात जाइल्स ब्रिंडली या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञानं भाषणाला येण्यापूर्वी स्वतःलाच इंजेक्शन टोचून घेतलं आणि परिणाम खरा असल्याचं भर सभागृहात पँट उतरवून दाखवलं. श्रोत्यांत सर्जनच्या बायकाही होत्या. त्या दिवशी जी घबराट उडाली तिचे किस्से अजून सांगितले जातात, पण उपचार मान्य झाला तो झालाच.

ग्रंथी गेली की वीर्य बाहेर येत नाही. सुखाची जाणीव मात्र राहते, कारण तिचा रस्ता वेगळा आहे. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस हादरतो. पत्नीच्या मनात भलतीच भीती असते: जवळ आलो तर कर्करोग आपल्याला होईल. तो होत नाही. संबंधातून नाही, एका ताटात जेवल्यानं नाही, एका अंथरुणात झोपल्यानं नाही. कितीतरी घरांत उपचारांनंतर दोन खाटा कायमच्या वेगळ्या झाल्या आहेत त्या या न बोललेल्या भीतीमुळे, आणि ‘तिला माझा त्रास नको’ या नवऱ्याच्या तितक्याच न बोललेल्या समजुतीमुळे.

ज्यांचे उपचार अजून व्हायचे आहेत त्यांच्यासाठी इथं थांबून ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ नावाच्या चाचणीबद्दल सांगायला हवं. ग्रंथीपुरता मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी तीन गटांत वाटणी केली. एका गटाची शस्त्रक्रिया, दुसऱ्याला रेडिएशन, तिसऱ्यावर फक्त नियमित लक्ष. पंधरा वर्षांनंतरचा निकाल २०२३ मध्ये आला. प्रोस्टेटच्या कर्करोगानं दगावलेले तिन्ही गटांत मिळून शंभरात तिनाहूनही कमी, आणि गटागटांत फारसा फरक नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात रोग पसरण्याचं प्रमाण जास्त होतं, शंभरात नऊच्या आसपास, इतर दोन गटांत पाचच्या आसपास. उलट शस्त्रक्रिया झालेल्यांत अनेक वर्षांनंतरही चारांतला एक पॅड वापरत होता, रेडिएशनच्या गटात हे प्रमाण त्याच्या एक तृतीयांश. हे आकडे सौम्य आणि मध्यम आजाराचे आहेत, आक्रमक कर्करोगाला लागू नाहीत. पण सौम्य आजारात निवड खरी असते आणि ती कशाच्या बदल्यात काय अशी असते, हे ऑपरेशनची तारीख घेण्यापूर्वी कळायला हवं. नंतर कळून उपयोग काय?

रेडिएशनचे त्रास उलट्या क्रमानं येतात. शस्त्रक्रियेनंतर सगळ्यात वाईट दिवस पहिले असतात, रेडिएशननंतर काही तक्रारी वर्ष-दोन वर्षांनी उगवतात: शौचाची घाई, शौचातून रक्त, कधी लघवीतून रक्त. ताठरताही हळूहळू, काही वर्षांत उतरते. शौचातून रक्त पडलं की मूळव्याध समजून गावातल्या डॉक्टरकडून काहीतरी करून घेण्याचा मोह होतो. तिथं पाच वर्षांपूर्वीच्या रेडिएशनचा उल्लेख केलाच पाहिजे. किरणांनी नाजूक झालेल्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा तपासायला काढला तर जखम भरत नाही, भोक पडू शकतं. दुर्बिणीतून तपासणाऱ्याला हे आधी सांगावं लागतं. ‘जुनी गोष्ट, आता काय सांगायची’ असं इथं चालत नाही.

रेडिएशनच्या बाबतीत गेल्या दहा-पंधरा वर्षांतला एक बदल आपल्या भागातल्या रुग्णांसाठी मोठा आहे. पूर्वी साडेसात-आठ आठवडे रोज जावं लागे. ब्रिटनमधल्या तीन हजारांवर पुरुषांच्या चाचणीचा निकाल २०१६ मध्ये आला आणि वीस वेळा किरण देऊन, म्हणजे चार आठवड्यांत, तेवढंच काम होतं हे ठरलं. आता निवडक रुग्णांत पाच वेळा देऊनही भागतं. नंदुरबारहून किंवा बीडहून परळच्या टाटा रुग्णालयात आलेल्या आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्या जोडप्याला आठ आठवडे आणि चार आठवडे यांतला फरक समजावून द्यावा लागत नाही. शेतीचा हंगाम त्यात येतो. टाटा रुग्णालयातच वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी जास्त धोक्याच्या २२४ रुग्णांवर केलेल्या चाचणीत एका गटाला नुसत्या ग्रंथीऐवजी ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही किरण दिले. पाच वर्षांनी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं आणि रक्ततपासणीत मोजलं जाणारं प्रथिन, पुन्हा न वाढलेले त्या गटात शंभरात ९५, नुसत्या ग्रंथीला किरण दिलेल्यांत ८१. त्याबरोबर लघवीच्या तक्रारीही स्पष्टपणे जास्त निघाल्या. इथंही हिशेब बदल्याचाच.

हार्मोन उपचारांची कथा १९४१ ची. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी वृषणं काढली किंवा स्त्री-हार्मोन दिलं तर पसरलेला प्रोस्टेट कर्करोग मागे हटतो हे दाखवलं आणि त्यासाठी १९६६ चं नोबेल मिळवलं. आजही भारतात अनेक रुग्ण वृषणं काढण्याची छोटी शस्त्रक्रिया पत्करतात, कारण ती एकदाच करायची आणि स्वस्त. दुसरा मार्ग दर महिन्या-तीन महिन्यांनी घ्यायच्या इंजेक्शनचा. परिणाम दोन्हींचा सारखाच. इंजेक्शनची तारीख पैशांअभावी पुढे ढकलत राहिलं की हार्मोन पुन्हा वाढतं. ज्यांना दर तिमाहीला पैसे उभे करणं जड जातं, त्यांनी शस्त्रक्रियेला कमीपणा मानू नये असं मला वाटतं.

हार्मोन उतरलं की काय होतं हे घरातल्या बाईला आधीच माहीत असतं. अचानक कानशिलं तापतात, घाम फुटतो, मिनिटभरात थंडी वाजते. रात्री पंखा लावू की बंद करू कळत नाही. पाळी जाताना तिनं हे सगळं सोसलं आणि बहुधा कोणी विचारलंही नाही. आता नवऱ्याला तेच होतं आणि ते काय आहे हे घरात तिच्याइतकं कोणालाच कळत नाही. त्रास फार असेल तर त्यावर औषधं आहेत. मात्र बाकीचे बदल गुपचूप होतात. स्नायू झिजतात, पोट सुटतं, साखर आणि रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचा धोका वाढतो, थकवा येतो, छाती थोडी भरते. क्षुल्लक कारणानं रडू येतं. आयुष्यभर घरात दरारा असलेला माणूस मालिका बघताना डोळे पुसतो आणि स्वतःवरच चिडतो. स्वभाव बिघडला असं घरचे म्हणतात. स्वभावाचा यात दोष कमी, हार्मोनचा जास्त, आणि उदासी टिकून राहिली तर तिच्यावरही उपचार करायचे असतात.

सगळ्यांत दुर्लक्षित राहतात ती हाडं. अमेरिकेतल्या पन्नास हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासून २००५ मध्ये एक निष्कर्ष छापला गेला: निदानानंतर किमान पाच वर्षं जगलेल्यांपैकी हार्मोन उपचार झालेल्यांत १९.४ टक्क्यांचं हाड मोडलं होतं, न झालेल्यांत १२.६ टक्क्यांचं. कर्करोगातून वाचायचं आणि न्हाणीघरात घसरून मांडीचं हाड मोडून खाटेला खिळायचं, याला काय म्हणावं? उपचार सुरू करतानाच हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करावी. नाचणी, तीळ, दूध-ताक आहारात असावंच, पण तेवढ्यावर विसंबू नये. ड जीवनसत्त्व आपल्याकडे एवढं ऊन असूनही पुष्कळांत कमी निघतं, ते तपासून घ्यावं. हाडं बळकट करणारी इंजेक्शनं देण्यापूर्वी दाताच्या डॉक्टरला दाखवावं. मिश्री-तंबाखूनं हिरड्या खराब झालेल्यांनी तर नक्कीच, कारण या औषधांवर असताना दात काढला तर जबड्याचं हाड न भरता उघडं पडू शकतं. आणि वजनं उचलावीत. नुसतं सकाळी फिरणं पुरत नाही. पर्थमधले डॅनिएल गॅल्व्हाओ आणि रॉबर्ट न्यूटन यांनी हार्मोन उपचार चालू असलेल्या पुरुषांना बारा आठवडे स्नायूंना ताण देणारे व्यायाम आणि चालणं करवलं, तर स्नायू आणि ताकद दोन्ही वाढली. जिमची गरज नाही. हात न टेकवता खुर्चीतून उठणं-बसणं, पाण्यानं भरलेल्या बाटल्या उचलणं, यांनीही सुरुवात होते. हाडांत गाठी असतील तर कोणता व्यायाम टाळायचा ते मात्र आधी विचारावं.

इथं एक गोष्ट ठळकपणे. कर्करोग हाडांत गेलेल्या रुग्णाची पाठ नव्यानं, जोरात दुखू लागली, पायांतली शक्ती कमी वाटू लागली, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, लघवी अडली किंवा शौचावरचा ताबा गेला, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तेल लावून, मणका बसवून घेऊन एक रात्र काढली तर पाय कायमचे जाऊ शकतात. चालत आलेला रुग्ण बहुधा चालत घरी जातो, पाय गेल्यावर आलेल्याचे पाय क्वचितच परत येतात.

उपचार संपले की आयुष्य पीएसएच्या आकड्याभोवती फिरू लागतं. पहिली काही वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. रिपोर्ट आता मोबाइलवर येतो, बहुधा मुलगा आधी वाचतो, आणि त्याचा चेहरा बघून बाप निकाल ओळखतो. आकड्याचे नियम दोन आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. ग्रंथी काढली असेल तर पीएसए जवळपास शून्यावर यायला हवा, आणि तो ०.२ किंवा त्याहून वर, तोही दोनदा तपासून, गेला तर रोग परत डोकावतोय असं मानतात. रेडिएशन झालं असेल तर ग्रंथी आतच असते, त्यामुळे शून्य होत नाही. जो सगळ्यांत खालचा आकडा आला असेल त्याच्यावर २ ची वाढ झाली तर काळजी. शिवाय रेडिएशननंतर पहिल्या काही वर्षांत आकडा एकदा उसळी मारून आपोआप खाली येऊ शकतो. तपासणी शक्यतो एकाच प्रयोगशाळेत करावी. आणि आकडा वाढला म्हणजे उलटी गिनती सुरू झाली असं नाही. जॉन्स हॉपकिन्समध्येच शस्त्रक्रिया झालेल्या १,९९७ पुरुषांचा मागोवा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. पीएसए वाढल्यावर लगेच औषध न देताही रोग हाडांत दिसायला निम्म्या रुग्णांना आठ वर्षं किंवा त्याहून जास्त काळ गेला होता. आज त्या टप्प्यावर रेडिएशन आहे, रोग शरीरात कुठे आहे ते दाखवणारा पीएसएमए स्कॅन आहे, नव्या गोळ्या आहेत. नेल्सन मंडेलांनी २००१ मध्ये रेडिएशन घेतलं आणि ते २०१३ पर्यंत, पंचाण्णवाव्या वर्षापर्यंत जगले. त्यांच्याच देशातले धर्मगुरू डेस्मंड टुटू यांचं निदान १९९७ चं. ते त्याविषयी जाहीरपणे बोलत राहिले आणि २०२१ च्या डिसेंबरात नव्वदाव्या वर्षी वारले.

या काळात घरी डब्यांची रांग लागते. कोणी जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणतं, कोणी भस्म, कोणी परदेशातून आलेली पावडर. प्रोस्टेटचा कर्करोग टळावा म्हणून सेलेनियम आणि ई जीवनसत्त्व देऊन ३५ हजारांवर निरोगी पुरुषांवर अमेरिकेत केलेल्या चाचणीत, नुसतं ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला. ‘घेतलं तर काय बिघडतं’ याचं हे उत्तर. जे काही घेत असाल ते डॉक्टरांना दाखवा, रागावतील म्हणून पिशवीत लपवू नका.

राहिलं घरातल्या पुरुषांचं. वडिलांना किंवा भावाला हा कर्करोग असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, आणि तो त्यांना कमी वयात झाला असेल तर आणखी वाढतो. काही कुटुंबांत बीआरसीए२ नावाच्या जनुकातला बिघाड वारशानं उतरतो. त्यामुळे पुरुषांत आक्रमक प्रोस्टेट कर्करोग होऊ शकतो आणि त्याच घरातल्या मुलींना, बहिणींना स्तनाचा आणि बीजांडकोशाचा. रोग पसरलेला असेल, किंवा घरात असे कर्करोग अनेकांना झालेले असतील, तर जनुक तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारा. तुमच्या भावाला आणि चाळिशी ओलांडलेल्या मुलाला पीएसएबद्दल डॉक्टरांशी बोलायला हवं हे त्यांना कळणार कसं, जर त्यांच्या लेखी तुमचं हर्नियाचंच ऑपरेशन झालं असेल? आज संध्याकाळी भावाला फोन करा आणि खरं काय झालं होतं ते सांगा.